बातमीखालची माणसं

"तुम्ही पेपरात होता ना? मग तुमचं लिहिलेलं कधी वाचनात आलं नाही," असं मला पुष्कळ जण म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. एकतीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या कचेरीत काढली, आधी लातूरला, मग नांदेडला. पण माझं काम लिहिण्याचं नव्हतं. वाचक जे लिहितात ते वाचण्याचं होतं. सुरुवातीला ते टपालानं यायचं, शेवटची दहा-बारा वर्षं मोबाइलवरून येऊ लागलं. एवढाच काय तो फरक, असं मी बरेच दिवस समजत होते.

मी मूळची उदगीरची. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. बी.ए. झाल्यावर लातूरच्या कचेरीत टपाल उघडायच्या कामावर लागले आणि चार-पाच महिन्यांत भूकंप झाला. त्याआधी दिवसाला वीस-पंचवीस पत्रं यायची. नळाला पाणी नाही, एस.टी. वेळेवर नाही, अमुक साहेबांचा सत्कार झाला त्यात आमचं नाव राहिलं. भूकंपानंतर पोत्यानं टपाल यायला लागलं. कित्येक पाकिटांवर पत्ता म्हणून नुसतं 'भूकंपग्रस्त बंधुभगिनींस' लिहिलेलं असायचं आणि टपाल खात्यानंही ते इमानानं आमच्या दारात आणून टाकलेलं असायचं. शाळेतल्या पोरांनी वहीची पानं फाडून लिहिलेली पत्रं होती. कोकणातल्या एका बाईंनी लहान मुलाचा विणलेला स्वेटर पाठवला होता, सोबत दोन ओळी: 'आता थंडी पडेल. कुणाच्याही बाळाला घाला.'

तो स्वेटर घेऊन मी बातमीदारांच्या जीपमधून किल्लारीच्या बाजूला गेले. पत्र्याच्या शेडसमोर एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. तिनं स्वेटर त्याच्या अंगाला लावून बघितला. बाह्या त्याच्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मी म्हणाले, "मोठा होतोय." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. फुडच्या साली बसंल." त्या जागी उभं राहून पुढच्या सालाचं बोलणारी ती बाई मला अजून दिसते.

त्याच पोत्यांमधून दुसऱ्या जातीची पत्रंही निघायची. एकानं सहीनिशी लिहिलं होतं की आमच्या लोकांना 'त्या' वस्तीशेजारी शेड देऊ नका, भूकंप झाला म्हणून रीतभात सोडायची का. मी ते संपादकांपुढं ठेवलं. त्यांनी वाचलं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. म्हणाले, "असलं छापायचं नसतं, सुनंदा. घरी जाऊन सांगायचंही नसतं."

असं पत्र वाचणारी माणसं तेव्हा दोनच, मी आणि संपादक. पुढं सगळं बदललं ते इथं.

मी बदलून नांदेडला आले तोवर लातूरचं नाव शिकवणीसाठी गाजलं होतं आणि नांदेडही त्या वाटेला लागलं होतं. गल्लीगल्लीत क्लास, क्लासशेजारी होस्टेल, होस्टेलशेजारी मेस, आणि प्रत्येक चौकात डॉक्टरीला लागलेल्या पोरांच्या फोटोंचे फ्लेक्स. आमचा पेपरही त्याच सुमारास मोबाइलवर आला. बातमीच्या खाली एक रिकामा चौकोन आला. त्यात कुणीही काहीही लिहावं.

वाटेल ते छापून कसं चालेल, म्हणून ते आधी माझ्याकडं यायचं. माझ्या समोरच्या पडद्यावर प्रतिक्रियांची रांग लागायची. प्रत्येकीपुढं दोन बटणं, मंजूर आणि नामंजूर. नियम साधे होते: शिवीगाळ नको, जातिधर्माचं वाईट नको, फोन नंबर नको, जाहिरात नको. जाहिराती फार यायच्या. कुणाच्या निधनाची बातमी असली तरी खाली क्लासवाल्यांचं 'रिपीटर बॅच सोमवारपासून' हे ठरलेलं.

माझी मदत म्हणून पुण्याच्या कचेरीनं एक यंत्रणा बसवली. वाईट शब्दांची यादी तिला द्यायची, तो शब्द दिसला की ती प्रतिक्रिया आपोआप अडवणार. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं मला विचारलं, "मॅडम, तुमच्याकडच्या लोकल शिव्या कोणकोणत्या?" मी पन्नाशीला आलेली बाई. त्याच्या तोंडावर कशी सांगू? शेवटी मी घरी जाऊन दोन कागद भरून लिहिलं, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात दिली. त्यानं उघडून वाचायला सुरुवात केली आणि तोच लाल झाला. निम्म्या त्याला कळल्याच नाहीत. कानडीतल्या तर मी अर्थासकट लिहिल्या होत्या.

आठ दिवसांनी कंधारहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. "माझी प्रतिक्रिया कधीच का दिसत नाही? मी सभ्य भाषेत लिहितो." मी शोधलं. त्यांचं आडनाव गाढवे. यंत्रणा त्यांना नावातच अडवत होती. मी माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या मॅडम, चाळीस वर्षं पोरांनी अडवलं, आता मशीननं."

हसण्यासारखं होतं ते इतकंच. त्या यादीत मुख्य कचेरीतल्या कुणीतरी 'जातीय शब्द' म्हणून 'जयभीम' हाही शब्द घालून ठेवला होता. नमस्कार-चमत्कारासारखा साधा शब्द. पण तो लिहिला की माणूस माझ्या रांगेत येऊन अडकायचा. मी ते एकेक करून मंजूर करत राहिले. हा शब्द यादीत का आहे, हे विचारायला मला तीन वर्षं लागली. विचारल्यावर तो एका दिवसात निघाला. तीन वर्षं मला तो खटकला कसा नाही, याचं उत्तर मला पुढं मिळालं, आणि ते माझ्या सोयीचं नव्हतं.

त्याआधी रशीदचाचांचं सांगते. नांदेडात क्लासेसच्या भागात त्यांचं बायंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर आणि तीन पायऱ्या. पास होऊन गेलेली पोरं जुनी पुस्तकं, नोट्स रद्दीत द्यायची. चाचा ती रद्दीवाल्याकडून आणायचे, बांधायचे आणि ज्याला विकत घेणं जमत नाही त्याला वाचायला द्यायचे. अट एकच, पेनानं खुणा करायच्या नाहीत. आमच्या बातमीदारानं त्यांच्यावर लिहिलं. फोटोत चाचा आतमध्ये सुई-दोरा घेऊन बसलेले आणि बाहेर पायरीवर एक मुलगी भौतिकशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन वाचत असलेली.

त्या बातमीखाली जे आलं ते वाचताना माझे डोळे भरले. अर्धापूरचा एक केळीवाला लिहितो, 'चाचा, माझं दुकान समोरच्या चौकात आहे, पोरांना भूक लागली तर पाठवा.' परदेशात नोकरी करणारी एक डॉक्टर लिहिते, 'मी त्याच पायरीवर बसून शिकले.' काही वाकडंही आलं, चाचांचं नाव बघून लिहिलेलं. ते मी अडवलं. एकंदर माणसं चांगली वागली, फारच चांगली. इतकी की पाचव्या दिवशी चाचा स्वतः कचेरीत आले, घामाघूम.

"मॅडम, अब बस करो. लोगां ऑटो भर-भर के किताबां ला रहें. मेरेकू दुकान में बैठने जगा नै रही. कल एक साहब तो गुजराती की किताबां छोड़ के गए."

दुसऱ्या दिवशी आम्ही छापलं, 'पुस्तके मिळाली, आभार, आता कृपया थांबा.' त्याखालीही दोनशे लोकांनी पसंतीचे अंगठे टाकले. आणि पुस्तकं येतच राहिली.

पायरीवरची ती मुलगी अस्मिता सोनकांबळे. मूळ गाव कंधार तालुक्यात. वडील ती लहान असतानाच गेलेले. आई शोभाबाई मुलीच्या शिक्षणासाठी नांदेडला आली आणि चाचांच्या दुकानाशेजारच्या मेसमध्ये पोळ्या करू लागली. अस्मितानं दोनदा डॉक्टरीची प्रवेशपरीक्षा दिली आणि दुसऱ्या वेळी चार मार्कांनी तिची सरकारी जागा हुकली. इथल्या खासगी कॉलेजचं नाव काढायची सोय नव्हती. वस्तीतल्या विहारातल्या लोकांनी, मेसमधल्या बायांनी, चाचांनी आणि एका मामानं मिळून तिला युक्रेनला डॉक्टरी शिकायला धाडलं. हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी ती फोटोतली एक मुलगी होती.

ती चौथ्या वर्षाला असताना तिकडं युद्ध सुरू झालं.

आमच्या भागातली पुष्कळ मुलं तिकडं होती. रोज नवीन नाव, नवीन आईबाप, नवीन बातमी. 'नांदेडची अस्मिता तळघरात अडकली' ही त्यातलीच एक. खाली प्रतिक्रियांचा पूर आला. 'देवा, लेकरांना सुखरूप आण.' 'बुद्ध तिचं रक्षण करो.' 'अल्लाह हिफाजत करे.' आयाबाया लिहीत होत्या, नुसतं 'बाळा' एवढंच लिहिणाऱ्याही होत्या. तिकडच्या म्हाताऱ्या बायांचे फोटो बघून एकीनं लिहिलं होतं, 'भूकंपात आम्ही असंच रस्त्यावर बसलो होतो, पण आमच्यावर कुणी तो पाडला नव्हता.' ते वाचून मी बराच वेळ पुढचं बटण दाबलं नाही.

त्या रांगेत लातूरच्या एका गृहस्थाची प्रतिक्रिया आली: 'सवलत असूनही इथे जमले नाही, म्हणून तिकडे गेले. आता सरकारने विमान पाठवायचे म्हणे. गुणवत्तेचे काय?'

शिवी नव्हती. जातीचं नाव नव्हतं. यंत्रणेनं अडवली नाही. मी वाचली आणि मंजूरवर बोट ठेवलं.

नियमाप्रमाणं होती म्हणून मी मंजूर केली, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. पण खरं सांगायचं तर मला त्यात फारसं वाईट काही दिसलंच नाही. असली वाक्यं मी लहानपणापासून ऐकली होती. आमच्या घरी जेवताना माझे काका ती भाजी वाढ म्हणावं इतक्या सहज बोलायचे आणि आम्ही सगळे पुढचा घास घ्यायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्या प्रतिक्रियेला आलेलं उत्तर माझ्या रांगेत दिसलं. ते मला पाठ आहे.

'मी अस्मिता सोनकांबळे. ज्या मुलीची ही बातमी आहे ती मीच. आम्ही होस्टेलच्या तळघरात चाळीस जण आहोत. खायला आहे. पाणी कमी आहे. फोन लागत नाही, नेट मधूनच येतं. काका, तुम्ही म्हणता ते खरं आहे, मला तिथं सीट मिळाली नाही. चार मार्कांनी गेली. मला ते रोज आठवतं. माझी एक विनंती आहे. माझी आई मेसमध्ये पोळ्या करते. तिला वाचता येत नाही. मेसमधली मुलं तिला माझी बातमी वाचून दाखवतात आणि खालचंही वाचून दाखवतात. म्हणून पेपरवाल्यांनी हे वरचं काढून टाकावं. मला चालतं. आईला नको.'

खोट्या नावानं लिहिणारे पुष्कळ असतात म्हणून मी आधी बातमीदाराला विचारलं, "हिची आई काय करते?"

"मेसमध्ये पोळ्या लाटते. चाचांच्या शेजारी. का? ती फोटोतली पोरगी नाही का, पायरीवरची."

"तुम्ही बातमीत मेसचं लिहिलं नव्हतं."

"नव्हतं. पण मॅडम, दोन दिवस झाले तिचा आईला फोन लागत नाही. तुम्हाला कुठनं कळलं?"

मी पडदा त्याच्याकडं वळवला. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे ती जिवंत आहे."

आता माझी अडचण सांगते. आमच्या यंत्रणेत मूळ प्रतिक्रिया काढली की तिच्या खालची उत्तरंही जात. त्या गृहस्थाचं काढलं तर अस्मिताचंही जाणार. आणि दोन दिवसांत तिच्याकडून आलेले शब्द एवढेच होते. मी तिचं उत्तर मंजूर केलं, एका कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवून घेतलं आणि स्कूटी काढली. आईला आधी हे वाचून दाखवायचं आणि मग सगळंच काढून टाकायचं, असं ठरवून निघाले.

मेसमध्ये दुपारच्या जेवणाची घाई होती. तीन बाया पोळ्या करत होत्या. मधली शोभाबाई. तिच्याशेजारी उलट्या डब्यावर रशीदचाचा शाळेचा ॲटलास उघडून बसले होते.

"ये देखो, ये हिंदुस्तान. और ये ऊप्पर, यहां अपनी बच्ची है," चाचा बोट सरकवत होते.

"आन् नांदेड कुठाय?" शोभाबाईनं विचारलं.

"नांदेड इत्ते बड़े नक्शे में नै दिखता."

मी माझं नाव सांगितलं, कुठून आले ते सांगितलं. तिनं हातातलं लाटणं सोडलं नाही. मी कागद उघडून वाचायला लागले. 'मी अस्मिता सोनकांबळे' म्हटल्याबरोबर तिन्ही लाटणी थांबली.

वाचून झाल्यावर मी म्हणाले, "शोभाबाई, ते वरचं जे कुणी लिहिलं होतं ते माझ्या हातून गेलं. चूक माझी आहे. मी ते आता काढते."

"ते व्हय? ते कालच ऐकलं की," ती म्हणाली. "पोरायनं वाचलं. त्याचं काय घेऊन बसलात बाई? असलं ऐकत ऐकतच तर म्हाताऱ्या झालो. तिनं काय लिवलंय ते परत वाचा."

मी परत वाचलं.

"'पाणी कमी हाय' असंच लिवलंय का? कमी हाय, संपलं न्हाई ना?"

"कमी आहे, असंच आहे."

"परत वाचा."

तिसऱ्या वेळी चाचांनीच माझ्या हातातून कागद घेतला. त्यांना मराठी सावकाश वाचता येतं. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं आणि ते सावकाश वाचणंच तिला जास्त बरं वाटलं असावं, कारण तिनं डोळे मिटून घेतले.

मी यंत्रणेची अडचण सांगितली. ती लगेच म्हणाली, "मग काढू नका. त्याचं काढलं की माझ्या लेकीचं बी जाईल म्हणता ना? ऱ्हाऊ द्या दोन्ही."

लेकीनं आईसाठी काढायला सांगितलं होतं, आई लेकीसाठी ठेवायला सांगत होती. मी ठेवलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अस्मिताच्या उत्तराखाली चारशेच्या वर माणसं जमली होती. त्यात औशाच्या एका मुलाची प्रतिक्रिया होती: 'मी रोमानियात कारखान्यात आहे. ताई इकडच्या बॉर्डरला आली तर मी गाडी घेऊन येतो. हा माझा नंबर.' फोन नंबर नियमानं नामंजूर. मी ती प्रतिक्रिया अडवली आणि नंबर मात्र अस्मितानं प्रतिक्रिया लिहिताना दिलेल्या ई-मेलवर पाठवून दिला. नोकरीत मोडलेला तो माझा पहिला नियम.

तिसऱ्या दिवशी कचेरीत फोन आला. लातूरचे ते गृहस्थ.

"मॅडम, माझी प्रतिक्रिया काढून टाका. लोक मला नाही नाही ते बोलून राहिलेत. माझ्या ऑफिसातल्या माणसांनी वाचलं."

"काढली तर त्या मुलीचं उत्तरही जाईल," मी म्हणाले.

"जाऊ द्या की. मला काय त्याचं?"

मला राग आला, पण हा माणूस लिहू शकला कारण मी बोट दाबलं, हेही मला विसरता येत नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही तिचं उत्तर वाचलंत का?"

"नाही. कशाला वाचू? शिव्याच असतील."

"मी वाचून दाखवते." आणि मी वाचलं.

मग ते म्हणाले, "चार मार्कांनी?"

"हो."

"माझ्या मुलीची सहा मार्कांनी गेली. तिसरं वर्ष आहे तिचं. दार लावून बसते. जेवायला बोलावलं तरी उठत नाही. मी तरी कुणावर काढू?"

लातूर-नांदेडच्या कितीतरी घरांत ते बंद दार मी बघितलं आहे. मी म्हणाले, "तुमच्या मुलीला सांगा, जेवून घे म्हणावं."

"त्या मुलीचा काही फोन?"

"अजून नाही."

ते म्हणाले, "मग राहू द्या. काढू नका माझं." आणि फोन ठेवला.

त्यांनी माफी मागितली नाही. पण स्वतःच्या नावानं लिहिलेली ती ओळ त्यांनी तशीच राहू दिली आणि तिच्याखाली लोक त्यांना बोलत राहिले ते त्यांनी सोसलं. माझ्या लेखी ते कमी नव्हतं.

अस्मिता आणि तिच्याबरोबरच्या मुली गर्दीच्या आगगाडीत उभ्यानं, मग थंडीत पायी चालत सीमेवर पोहोचल्या. औशाचा तो मुलगा खरोखरच गाडी घेऊन आला होता. गाडीत पाण्याच्या बाटल्या आणि सोलापुरी शेंगाचटणीचं पाकीट. अस्मिता नंतर मला म्हणाली, "मॅडम, पाणी पाहून नाही रडले. चटणीचा वास आला अन् रडले."

ती परत आली तेव्हा बातमीखाली सगळ्यांनीच फुलं टाकली. पण फुलं लवकर वाळतात. अर्धवट शिक्षण, मोबाइलवर चालणारी लेक्चर्स, मग दुसऱ्या देशातल्या कॉलेजात उरलेलं वर्ष, परत आल्यावर इथली परवान्याची परीक्षा. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. या सगळ्या वर्षांत तिची एकही बातमी आली नाही आणि कुणी तिच्याबद्दल काही लिहिलंही नाही. मधल्या काळात मी निवृत्त झाले.

गेल्या वर्षी ती एका ग्रामीण रुग्णालयात इंटर्न म्हणून रुजू झाली तेव्हा बातमीदारानं मला फोन केला. मथळा ठरला होता, 'पोळ्या लाटणाऱ्या आईची लेक डॉक्टर'. अस्मितानं तो बदलायला लावला. "आईनं पोळ्या लाटल्या हे बातमीत लिहा, हवं तेवढं लिहा. पण मथळ्यात माझ्या नावाआधी पोळ्या नकोत," असं तिनं स्पष्ट सांगितलं. बातमी तिच्या नावानं आली.

दुसऱ्या दिवशी शोभाबाईचा निरोप: येऊन खालचं वाचून दाखवा. पोरं गडबडीत वाचतात, तुम्ही नीट वाचता.

मी दुपारची गर्दी ओसरल्यावर गेले. ती अजून त्याच मेसमध्ये होती. लेकीनं काम सोड म्हटलं होतं. ही म्हणाली होती, बघू. तिच्यासमोर पाटावर बसून मी वाचायला लागले. शेकडो 'जयभीम' होते, एकही अडकला नव्हता. प्रत्येक नावाला ती विचारायची, "कुठला हाय?" भोकर. निलंगा. अर्धापूर. एक जण दुबईचा. चाचांनी आधीच सकाळी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं: 'मेरी पायरी की बच्ची.' लातूरच्या त्या गृहस्थांचंही नाव दिसलं. त्यांनी लिहिलं होतं, 'अभिनंदन. माझी मुलगी आता बी.एस्सी. नर्सिंगला आहे.' मी ते वाचलं, पण हा कोण ते तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, "चांगलं झालं. नर्सिंग चांगलं."

पुढं एका ठिकाणी मी अडखळले.

"थांबल्या कामून?"

"काही नाही. पुढचं वाचते."

"वाईट हाय व्हय? वाचा. सगळं वाचायचं ठरलंय."

मी वाचलं. 'अशा कोट्यातल्या डॉक्टरकडे जायला मला भीती वाटते.' नाव खोटं होतं, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल.

शोभाबाईनं पोळी तव्यावर टाकली, उलटली, कडा दाबल्या. मग म्हणाली, "तुमाला लिवता येतं का त्यात?"

"येतं की."

"मग त्याला लिवा. भ्यायचं कारण न्हाई म्हणावं. दवाखाना सकाळी नऊ ते एक उघडा असतोय. ये म्हणावं. केसपेपर काढून लाईनीत बस, नंबर आला की तपासतील. कुणालाच परत पाठवीत न्हाईत."

मी तिचं एकही अक्षर न बदलता ते लिहिलं, खाली 'शोभाबाई सोनकांबळे, नांदेड' असं नाव घातलं आणि पाठवलं. पडद्यावर अक्षरं आली: 'तुमची प्रतिक्रिया तपासणीसाठी पाठवली आहे.' माझ्या जागी आता कुणीतरी दुसरं बसलं होतं, ते कोण ते मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी वाट बघत बसलो. तिनं मला गरम पोळी आणि ठेचा दिला. मी अर्धी पोळी खाल्ली, फोन पाहिला. उरलेली खाल्ली, परत पाहिला.

"आलं का?"

"आलं."

"मग फुडचं वाचा," ती म्हणाली आणि नवा गोळा हातात घेतला.